वेब अ‍ॅपच्या पेनटेस्टिंगसाठी टूल कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनटेस्टिंग म्हणजे परवानगी घेऊन स्वतःच हल्ला करून त्रुटी शोधणं. त्यासाठी "सगळ्यात चांगलं टूल कोणतं?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, अ‍ॅप कसलं आहे? लॉगिन आहे का, भूमिका किती, मागे एपीआय (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तो मार्ग) आहे की जुन्या पद्धतीची पानं, चाचणी लाइव्हवर आहे की स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या प्रतीवर)? एवढं कळलं की टूल्सची यादी आपोआप आखडते. खालची उत्तरं त्याच क्रमाने विचार करून दिली आहेत.

कुठलंही टूल चालू करण्याआधी काय ठरलेलं असावं?

लेखी परवानगी. तीत डोमेन आणि सबडोमेन नावानिशी असावेत, चाचणीची वेळ असावी, आणि काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा तेही असावं. पेमेंट गेटवे, सीडीएन (फाइली लवकर पोचवणारे सर्व्हर), दुसऱ्या कंपनीची लॉगिन सेवा या गोष्टी अ‍ॅपमध्ये दिसत असल्या तरी अ‍ॅपच्या मालकाच्या नसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी त्याची परवानगी चालत नाही.

हे टूलमध्येही उतरवावं लागतं. प्रॉक्सी (तिच्याबद्दल पुढे) आणि स्कॅनर (आपोआप त्रुटी शोधणारं टूल) दोन्हींत स्कोप, म्हणजे तपासायच्या पत्त्यांची हद्द, आधी भरा, कारण लिंकमागून लिंक उघडत जाणाऱ्या क्रॉलरला एकदा मोकळं सोडलं की तो लिंक कुणाची आहे हे बघत नाही. "आमच्याशी संपर्क साधा" हा फॉर्मही स्कोपमधून वगळा. नाहीतर स्कॅनर तो शेकडो वेळा भरतो आणि सपोर्टवाल्यांच्या इनबॉक्समध्ये अर्धवट स्क्रिप्ट टॅगांचा खच पडतो. बग बाउंटीत (त्रुटी कळवणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या योजनेत) काम करत असाल तर नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी ऑटोमॅटिक स्कॅनिंगला सरळ मनाई असते.

सुरुवात कोणत्या टूलपासून करावी?

इंटरसेप्टिंग प्रॉक्सीपासून. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधोमध बसून ती प्रत्येक रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दाखवते, थांबवते, बदलू देते. बाकी सगळी टूल्स नंतर लागतात, काही तर लागतच नाहीत. बर्प स्वीट, झॅप, मिटमप्रॉक्सी, कायडो ही यातली माहितीची नावं. मिटमप्रॉक्सी टर्मिनलवर राहणाऱ्या आणि पायथॉन येणाऱ्या माणसाला आवडते. कायडो रस्टमध्ये लिहिलेली, नव्या पिढीची आणि हलकी आहे.

पहिल्या दिवशी बहुतेकांचं गाडं सर्टिफिकेटवर अडतं. प्रॉक्सी एचटीटीपीएस उघडून बघते, म्हणून तिचं रूट सर्टिफिकेट ब्राउझरला मान्य करायला लावावं लागतं. फायरफॉक्स स्वतःचा सर्टिफिकेटचा साठा वापरतो, त्यामुळे २०२३ मधल्या १२० या आवृत्तीच्या आधी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टाकूनही तिथे इशारा येत राहायचा, आणि लिनक्सवर अजूनही येऊ शकतो. बर्पसोबत येणारा क्रोमियम ब्राउझर वापरला की हा त्रास वाचतो. झॅपमधूनही तयार ब्राउझर सुरू करता येतो. रोजच्या वापराच्या ब्राउझरमध्ये हे सर्टिफिकेट टाकू नका, चाचणीसाठी वेगळं प्रोफाइल ठेवा.

बर्प की झॅप?

दोन्ही पोसायला हरकत नाही, पण एकच निवडायचं असेल तर काम बघा. हाताने खोदकाम करायचं असेल, म्हणजे एक रिक्वेस्ट धरून तिच्याशी तासभर झटायचं असेल, तर बर्पचं रिपीटर (एकच रिक्वेस्ट बदलून पुन्हा पाठवण्याचा भाग) आणि त्याभोवतीची एक्स्टेन्शन्स अजूनही पुढे आहेत असं माझं मत आहे. बिल्ड पाइपलाइनमध्ये (कोड बदलला की चालणाऱ्या कामांच्या साखळीत) दर वेळी आपोआप चालणारी तपासणी हवी असेल तर झॅप. त्याची डॉकर इमेज (कुठेही चालवता येणारं तयार पॅकेज) मिळते, ऑटोमेशन फ्रेमवर्क आहे, आणि बेसलाइन स्कॅन नावाचा प्रकार आहे. त्यात झॅप थोडा वेळ लिंक फिरतो आणि येणारे रिस्पॉन्स नुसते वाचतो, हल्ल्याचे पेलोड (त्रुटी उघडी पाडायला रिक्वेस्टमध्ये घातलेला मजकूर) पाठवत नाही. त्यामुळे तो रोजच्या बिल्डला जोडताना कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

झॅप २०१० मध्ये पॅरोस या जुन्या प्रॉक्सीच्या कोडवरून सुरू झालं. बरीच वर्षं ते ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा प्रकल्प होतं, २०२३ मध्ये तिथून बाहेर पडलं आणि २०२४ मध्ये चेकमार्क्स या कंपनीशी जोडलं गेलं. कोड मात्र अपाचे परवान्याखाली खुलाच आहे. जुन्या लेखांत "ओवास्प झॅप" असं नाव दिसतं ते याच टूलचं.

बर्पची मोफत आवृत्ती पुरते का?

शिकायला पुरते. प्रॉक्सी, रिपीटर, डीकोडर, कंपेअरर सगळं मिळतं. इंट्रूडर (एकाच रिक्वेस्टचे शेकडो प्रकार पाठवणारा भाग) मुद्दाम संथ केलेला असतो, स्कॅनर आणि कोलॅबोरेटर (त्याबद्दल पुढे) मिळत नाहीत, आणि सगळ्यात जाचक गोष्ट म्हणजे प्रोजेक्ट डिस्कवर सेव्ह होत नाही. क्लायंटच्या कामात हे शेवटचंच जास्त भोवतं. चार दिवसांनी "ती रिक्वेस्ट नेमकी काय होती" असं कुणी विचारलं तर दाखवायला काही नसतं. मोफतवरच काम भागवायचं असेल तर जड मारा एफएफयूएफ या वेगाने रिक्वेस्ट पाठवणाऱ्या टूलकडे द्या, स्कॅनिंग झॅपकडे द्या, आणि महत्त्वाच्या रिक्वेस्ट-रिस्पॉन्स त्याच वेळी फाइलमध्ये उतरवून ठेवा.

स्कॅनर रात्रभर चालवला, काहीच सापडलं नाही. म्हणजे अ‍ॅप सुरक्षित?

आधी स्कॅनर लॉगिन अवस्थेत होता का ते बघा. नेहमी घडणारा प्रकार असा: स्कॅनरला वैध सेशन (लॉगिन टिकवणारी ओळख) दिलेलं असतं. क्रॉल करताना त्याला "लॉगआउट" ही लिंक सापडते आणि तो ती इमानदारीत उघडतो. सर्व्हर सेशन संपवतो. पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला ३०२ (दुसरीकडे वळवणारा कोड) आणि लॉगिनच्या पानाकडे बोट. स्कॅनर सकाळपर्यंत लॉगिनचं पानच तपासत बसतो आणि रिपोर्ट स्वच्छ येतो.

म्हणून स्कॅन सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी लॉग उघडून रिस्पॉन्स कोड आणि त्यांची लांबी यावर नजर टाका. एकाच लांबीचे ३०२ ओळीने दिसले की स्कॅन थांबवायचा. लॉगआउटचा पत्ता आणि पासवर्ड बदलण्याचं पान स्कोपबाहेर काढा. लॉगिन अवस्था कशी ओळखायची ते टूलला शिकवा. झॅपमध्ये त्यासाठी लॉग्ड-इन आणि लॉग्ड-आउट अशा खुणा नोंदवता येतात. बर्पमध्ये सेशन हाताळण्याचे नियम आणि मॅक्रो (ठरलेल्या रिक्वेस्टची मालिका) आहेत. सेशनचं टोकन दर पाच मिनिटांनी बदलत असेल तर या सेटिंगवर अर्धा दिवस जातो, आणि तो जाऊ द्यावा. स्कॅनर निवडताना मी तरी "किती प्रकारच्या त्रुटी शोधतो" या आकड्याकडे फारसं बघत नाही. आपल्या अ‍ॅपचं लॉगिन त्याला झेपतं का, एवढं आधी बघतो.

मग लॉगिन नीट जमलं तर स्कॅनर सगळं शोधतो का?

नाही, आणि नेमकं सर्वांत वाईट तेच सुटतं. ओवास्पच्या २०१७ च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल पाचव्या क्रमांकावर होतं, २०२१ च्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आलं. हा प्रकार, म्हणजे अधिकार नसताना दुसऱ्याचा डेटा मिळणं, स्कॅनरच्या डोळ्यांना दिसतच नाही. समजा तुम्ही इन्व्हॉइस क्रमांक ४८१२ उघडलं, ते तुमचं आहे. रिपीटरमध्ये आकडा ४८१३ केला आणि सर्व्हरने २०० ("सगळं ठीक" असा कोड) देऊन दुसऱ्याच ग्राहकाचं नाव, पत्ता, रक्कम पुढे केली. स्कॅनरच्या लेखी इथे काहीच चुकलेलं नाही. एरर नाही, डेटाबेसचा संदेश नाही, स्क्रिप्ट चालली नाही. ते इन्व्हॉइस कुणाचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

व्यवहाराच्या तर्कातल्या चुकाही तशाच. कार्टमध्ये वजा संख्या टाकून एकूण रक्कम खाली आणणं, पैसे भरण्याची पायरी गाळून थेट "ऑर्डर पक्की" या पानावर जाणं, हे हातानेच करून बघावं लागतं. स्कॅनरला उथळ आणि वारंवार येणारी कामं द्या: परावर्तित एक्सएसएस (रिक्वेस्टमधली स्क्रिप्ट पानात परत येऊन चालणं), सरळसोट इंजेक्शन (इनपुटमधून आज्ञा घुसवणं), राहून गेलेले सिक्युरिटी हेडर, जुन्या लायब्ररी.

अ‍ॅक्सेस कंट्रोल तपासायला काही टूल आहे की नाही?

आहे, पण त्याआधी खाती मागून घ्या. प्रत्येक भूमिकेची किमान दोन. एकच अ‍ॅडमिन आणि एकच साधा वापरकर्ता मिळाला तर वरच्या पातळीचा डेटा खालच्याला दिसतो का एवढंच कळतं. एका ग्राहकाचा दुसऱ्याला दिसतो का, हे कळत नाही.

खाती मिळाली की बर्पमधलं ऑथोराइझ हे एक्स्टेन्शन लावा. ते मोफत आवृत्तीतही चालतं, मात्र त्यासाठी जायथॉन (जावावर चालणारं पायथॉन) बसवावं लागतं. कमी अधिकाराच्या खात्याचं सेशन त्यात भरायचं आणि स्वतः जास्त अधिकाराच्या खात्याने अ‍ॅप फिरायचं. मागे प्रत्येक रिक्वेस्ट दुसऱ्या सेशनने पुन्हा जाते, तिसऱ्यांदा सेशनशिवाय जाते, आणि तिन्ही उत्तरं शेजारी ताडून बघता येतात. "बायपास" असा लाल शेरा आला म्हणून नाचू नका. देशांची यादी किंवा सार्वजनिक लोगो सगळ्यांना सारखाच मिळायचा. खरी नजर ठेवायची ती रिस्पॉन्समध्ये कुणाची तरी माहिती दिसते का यावर.

न्यूक्लिआय आणि निक्टो यांच्यात काय घ्यावं?

निक्टो २००१ पासून आहे. पर्लमध्ये लिहिलेलं, आवाज फार करणारं, आणि सर्व्हरवर विसरलेल्या फाइली व जुनी सेटिंग्ज दाखवणारं. आजही एकदा फिरवायला हरकत नाही, पण बराच फोलपट निघतो. न्यूक्लिआय यामल या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिलेल्या टेम्पलेटवर चालतं. एक टेम्पलेट म्हणजे एका ठरावीक त्रुटीची ठरावीक खूण, म्हणून "ही माहीत असलेली सीव्हीई (जाहीर नोंद झालेली त्रुटी) आपल्या शंभर होस्टपैकी कुठे आहे?" या प्रश्नाला ते झटपट उत्तर देतं. तुमच्याच टीमने लिहिलेल्या अ‍ॅपमध्ये ते फारसं काही काढणार नाही, कारण त्या अ‍ॅपसाठी कुणी टेम्पलेट लिहिलेलंच नाही. इंटरनेटवर कुठूनही उचललेली टेम्पलेट न वाचता चालवू नका. काही प्रकारची टेम्पलेट तुमच्याच मशीनवर कोड चालवतात.

लपलेल्या डिरेक्टरी आणि पॅरामीटर शोधायला काय वापरावं?

एफएफयूएफ, फेरॉक्सबस्टर, गोबस्टर, कुठलंही. वेगात फरक असला तरी निकाल ठरतो तो शब्दांच्या यादीवर. सेकलिस्ट्स हा संग्रह बहुतेकांची सुरुवात असतो, पण त्यातली सगळ्यात मोठी फाइल उचलून लावणं म्हणजे सर्व्हरला विनाकारण झोडपणं. जावाचं अ‍ॅप असेल तर पीएचपीच्या फाइली शोधण्यात वेळ घालवू नका. अ‍ॅपच्या जावास्क्रिप्टमधून शब्द गोळा करून स्वतःची छोटी यादी बनवली तर बहुतेक वेळा जास्त हाती लागतं.

हजारो निकाल आले तर घाबरू नका. अस्तित्वात नसलेल्या पानालाही २०० देणारी अ‍ॅप्स बरीच असतात. आधी मुद्दाम काहीतरी अगम्य नाव मागा, आलेल्या उत्तराचा आकार बघा, आणि त्या आकाराची उत्तरं गाळा. एफएफयूएफमध्ये हे आपोआप करणारा कॅलिब्रेशनचा पर्यायही आहे. आणि दर सेकंदाला किती रिक्वेस्ट जाव्यात याची मर्यादा घालायला विसरू नका.

एसक्यूएलमॅप लाइव्ह साइटवर चालवावं का?

एसक्यूएलमॅप हे डेटाबेसच्या क्वेरीतलं इंजेक्शन शोधणारं टूल. लाइव्हवर चालवता येतं, पण डोळे उघडे ठेवून. त्यात लेव्हल १ ते ५ आणि रिस्क १ ते ३ अशी दोन वेगळी मापं आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात. लेव्हल वाढवली की जास्त जागा तपासल्या जातात. २ वर कुकी येते, ३ वर यूजर-एजंट आणि रेफरर हेडर. रिस्कची गोष्ट निराळी. २ वर डेटाबेसला रखडवणाऱ्या जड क्वेरी येतात, आणि ३ वर "ऑर" या अटीचे पेलोड येतात. तुमचा पॅरामीटर सिलेक्टऐवजी (डेटा वाचण्याऐवजी) अपडेटच्या (डेटा बदलण्याच्या) क्वेरीत जात असेल तर "ऑर" लागल्यावर अट प्रत्येक ओळीला खरी ठरते, आणि टेबलमधल्या सगळ्या ओळी बदलल्या जातात. प्रोफाइल सेव्ह करण्याचा फॉर्म डोळ्यांपुढे आणा म्हणजे यातली भीती कळेल. लाइव्हवर रिस्क १ च्या पुढे मालकाशी बोलल्याशिवाय जाऊ नये.

माझी पद्धत अशी की आधी रिपीटरमध्ये हाताने शंका पक्की करायची. एक अवतरणचिन्ह टाकून एरर येते, दोन टाकल्यावर जाते, एवढं दिसलं की रिक्वेस्ट फाइलमध्ये सेव्ह करून तेवढाच पॅरामीटर एसक्यूएलमॅपला द्यायचा. पुराव्यासाठी डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती पुरते. ग्राहकांचं टेबल उपसून आणण्याची गरज नसते, आणि बहुतेक करारांत त्याला परवानगीही नसते.

सिंगल पेज अ‍ॅप आणि एपीआय यांना वेगळी टूल्स लागतात का?

सिंगल पेज अ‍ॅपला, म्हणजे एकाच पानात जावास्क्रिप्टने सगळं दाखवणाऱ्या अ‍ॅपला, क्रॉलर वेगळा लागतो. एचटीएमएलमधल्या लिंक वाचणाऱ्या जुन्या क्रॉलरला रिकामं पान दिसतं. झॅपचा एजॅक्स स्पायडर खरा ब्राउझर उघडून बटणं दाबत फिरतो. एपीआयला मात्र क्रॉल करत बसूच नये. डेव्हलपरकडे ओपनएपीआयची फाइल (एपीआयच्या सगळ्या पत्त्यांचं वर्णन) मागा आणि ती टूलमध्ये आयात करा. पोस्टमनचं कलेक्शन (साठवलेल्या रिक्वेस्टचा संच) मिळालं तर ते प्रॉक्सीमधून चालवा, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट इतिहासात येतात. फाइल देता येते का असं विचारायला लाजणारे पेनटेस्टर पहिले दोन दिवस अंदाज बांधण्यात घालवतात.

ग्राफक्यूएल (एपीआयची एक क्वेरी-भाषा) असेल तर इंट्रोस्पेक्शन (एपीआयने स्वतःची रचना सांगण्याची सोय) चालू आहे का बघा, आणि आयएनक्यूएल हे त्यासाठीचं टूल वापरा. इंट्रोस्पेक्शन बंद असलं तरी सर्व्हर "तुम्हाला अमुक फील्ड म्हणायचं होतं का?" अशा सूचना देत असेल तर क्लेअरव्हॉयन्स त्या सूचनांवरूनच स्कीमा (ती रचना) बरीचशी जुळवून काढतं. जेडब्ल्यूटीसाठी (सही केलेल्या लॉगिन टोकनसाठी) जेडब्ल्यूटी-टूल घ्या. टोकन एचएस२५६ ने (एकाच गुप्त किल्लीच्या पद्धतीने) सही केलेलं असेल तर गुप्त किल्ली कमकुवत आहे का ते हॅशकॅट या किल्ल्या-पासवर्ड फोडणाऱ्या टूलच्या १६५०० या मोडने स्वतःच्या मशीनवर तपासता येतं, सर्व्हरला एकही रिक्वेस्ट न पाठवता.

उत्तरात काहीच दिसत नाही अशा त्रुटी कशा पकडायच्या?

सर्व्हरला बाहेर बोलायला लावून. तुम्ही पेलोडमध्ये आपल्या ताब्यातला पत्ता देता. सर्व्हरने त्याची डीएनएस चौकशी (नावावरून आयपी पत्ता विचारणं) केली किंवा तिथे एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवली की तुमच्याकडे नोंद होते. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरशेल (जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीतली त्रुटी) याच पद्धतीने जगभर शोधलं गेलं. यूजर-एजंटसारख्या हेडरमध्ये एक ओळ टाकायची. ती लॉगमध्ये लिहिली जाताना लायब्ररी त्या पत्त्याकडे धाव घ्यायची. ब्राउझरला परत आलेलं पान मात्र नेहमीसारखंच दिसायचं.

बर्प प्रोफेशनलमध्ये यासाठी कोलॅबोरेटर आहे, खुल्या टूल्समध्ये इंटरॅक्टश आहे. दोन्हींचे सार्वजनिक सर्व्हर वापरायला सोपे, पण तिथे क्लायंटच्या आतल्या मशीनची नावं, कधी कधी डेटाही, तिसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन पडतो. गोपनीयतेचा करार कडक असेल तर स्वतःचा सर्व्हर उभा करा. दोन्ही टूल्समध्ये ती सोय आहे. नुसती डीएनएस चौकशी आली म्हणून एसएसआरएफ (सर्व्हरकडून आपल्याला हवी ती रिक्वेस्ट पाठवून घेणं) सापडलं असंही लिहू नका. मधला एखादा फिल्टर किंवा अँटिव्हायरस लिंक तपासून बघतो, त्याचीही चौकशी तशीच दिसते.

रेस कंडिशनसाठी?

रेस कंडिशन म्हणजे एकाच क्षणी आलेल्या रिक्वेस्टमुळे सर्व्हरचा होणारा गोंधळ. एकच कूपन एकाच क्षणी वीस वेळा वापरून बघायचं असेल तर टर्बो इंट्रूडर हे बर्पचं एक्स्टेन्शन घ्या. २०२३ मध्ये सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी मांडलेल्या सिंगल-पॅकेट पद्धतीत एचटीटीपी/२ वरच्या २० ते ३० रिक्वेस्टचा शेवटचा तुकडा एकाच पॅकेटमधून जातो, त्यामुळे नेटवर्कची मागेपुढे होणारी गती आड येत नाही. साध्या स्क्रिप्टने हे सापडायला नशीब लागायचं.

काली लिनक्स लागतंच का?

नाही. बर्प, झॅप, एफएफयूएफ, न्यूक्लिआय विंडोज आणि मॅकवरही चालतात. काली या लिनक्सच्या प्रकारात सगळी टूल्स एका जागी असतात एवढाच फायदा.

टीएलएस आणि वर्डप्रेस तपासायला?

टीएलएससाठी (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनसाठी) टेस्टएसएसएल किंवा एसएसएलवायझ. वर्डप्रेससाठी डब्ल्यूपीस्कॅन, पण प्लगिनमधल्या त्रुटींची माहिती हवी असेल तर त्याला एपीआय टोकन द्यावं लागतं. टोकनशिवाय ते नुसती प्लगिनची यादी दाखवतं, आणि लोक समजतात सगळं आलबेल आहे.

एआयला सगळं करायला सांगितलं तर?

पेलोडचे प्रकार सुचवायला, गुंतलेलं जावास्क्रिप्ट समजून घ्यायला, छोटी स्क्रिप्ट लिहायला उपयोग होतो. सापडलेली त्रुटी स्वतः पुन्हा करून बघितल्याशिवाय पाठवू नका. कर्ल या खुल्या टूलच्या प्रकल्पाचे डॅनिअल स्टेनबर्ग यांनी एआयने लिहिलेल्या बिनबुडाच्या रिपोर्टांबद्दल जाहीरपणे तक्रार केली आहे. क्लायंटच्या रिक्वेस्ट बाहेरच्या सेवेत चिकटवण्याआधी करारही वाचा. त्या रिक्वेस्टमध्ये जिवंत सेशन टोकन असतं.

सराव कुठे करावा?

ज्यूस शॉप, वेबगोट, डीव्हीडब्ल्यूए ही मुद्दाम कच्ची ठेवलेली अ‍ॅप्स स्वतःच्या मशीनवर चालवा, उघड्या नेटवर्कवर ठेवू नका. बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी मोफत आहे आणि तिथल्या प्रयोगशाळा उत्तम आहेत. काय काय तपासायचं याची यादी हवी असेल तर ओवास्पची वेब सिक्युरिटी टेस्टिंग गाइड घ्या, तिची ४.२ आवृत्ती डिसेंबर २०२० ची आहे. तिचा एकेक मुद्दा घ्यायचा आणि "हे मी कोणत्या टूलने बघणार?" असं शेजारी लिहायचं. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही तिथे हाताने तपासणी ठेवायची.

टूलचा रिपोर्ट जसाच्या तसा क्लायंटला द्यावा का?

अजिबात नाही. टूलने दिलेली "हाय" ही तीव्रता त्या अ‍ॅपचा संदर्भ न कळता दिलेली असते. लॉगिनमागच्या, दोनच लोक वापरणाऱ्या पानावरचं एक्सएसएस आणि सगळ्यांना दिसणाऱ्या प्रतिक्रियेतलं एक्सएसएस टूलच्या लेखी सारखंच. प्रत्येक मुद्द्याला रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि पुन्हा करून बघण्याच्या पायऱ्या जोडा. वापरलेल्या टूल्सची नावं आणि आवृत्त्या परिशिष्टात द्या. सहा महिन्यांनी फेरतपासणी करणाऱ्याला त्या लागतात.

काम संपल्यावर टूल्समध्ये राहिलेल्या डेटाचं काय?

बर्पच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये आणि झॅपच्या सेशनमध्ये पासवर्ड, टोकन, ग्राहकांची माहिती सगळं साध्या मजकुरात असतं. एसक्यूएलमॅप काढलेला डेटा आपल्या आउटपुट फोल्डरमध्ये ठेवतं, तो लोक हमखास विसरतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी आणि करारात ठरलेल्या मुदतीनंतर हे सगळं पुसावं. अ‍ॅपच्या बाजूला तुम्ही अपलोड केलेल्या फाइली, तयार केलेली खाती आणि फॉर्ममधून साठलेले पेलोड यांची यादी मालकाला द्या, म्हणजे त्यांना ते काढून टाकता येतील.